आठ नंबरवाल्यांचा हातोडा

"रात्री झोप लागली का हो वहिनी? म्हणजे आठ नंबरवाल्यांनी लागू दिली का?"

"कुठली झोप! साडेदहाला ठोकायला सुरुवात. आमचे हे म्हणाले, फरशी उखडत असतील. मी म्हटलं, रात्रीची फरशी कोण उखडतं? खाली काही पुरायचं असेल तोच."

"पुरायचं नव्हतं, फोडायचं होतं. लॅपटॉप फोडत होते गच्चीवर. हे बघा, सकाळी आमच्या तुळशीत काय सापडलं."

मी मूठ कुंपणाच्या भिंतीवर उघडली. कीबोर्डची तीन बटणं. एक 'एंटर', एक 'के' आणि एक लांबडा स्पेसबार, तोही मधोमध चिरलेला. वहिनींनी 'एंटर' उचलून उलटं करून पाहिलं आणि आवाज खाली आणला. आमची भिंत जेमतेम छातीपर्यंत आहे. बिल्डरनं विटा वाचवल्या, त्यात आमचं भलं झालं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ओळीत एक नंबरच्या घरातली बातमी चौदा नंबरला पोहोचायला नळाला पाणी यायचीही वाट बघावी लागत नाही.

"पण फोडला कशाला? रागानं?"

"रागानं कसला, भीतीनं. लेकानं नवीन पाठवलाय पुण्याहून. जुन्यावर विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मग जुना भंगारात द्यायचा ठरला. तेवढ्यात कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं की भंगारवाले त्यातलं सगळं बाहेर काढतात. झालं! सगळं डिलीट केलं, रिसायकल बिन रिकामी केली, तरी मन मानेना. मग काढला हातोडा."

"एवढं काय हो त्यात असणार?" वहिनींचे डोळे बारीक झाले. "सरकारी खात्यात होते ना ते? टेंडरांचं बघायचे."

"काही नाही हो. एफडीच्या पावत्या, शेअरचं डीमॅट, घराचं मृत्युपत्र आणि मुलीच्या स्थळांचे बायोडाटा. त्यांच्या बायकोनंच सांगितलं. मी बघून आले सकाळी, चहाला गेले होते." चहाला म्हणजे बघायलाच, हे वहिनींना सांगायची गरज नव्हती. "स्क्रीनचा चुरा झालाय, कीबोर्ड मधून वाकलाय, बिजागरी लोंबतेय. आणि गंमत काय सांगू! पालथा केला तर डाव्या कोपऱ्यात हार्ड डिस्क जशीच्या तशी. वर ओरखडासुद्धा नाही. चार स्क्रू काढून दुसऱ्या मशिनला लावली असती, तर चहा संपायच्या आत त्यांची एफडी वाचून दाखवली असती मी."

वहिनींना माझं हे बोलणं पोकळ वाटत नाही, कारण माझी नोकरी त्यातच गेली. बँकेत आमच्या विभागाला ईडीपी म्हणत. थंडगार खोलीत चपला काढून जायचं, आणि बाहेरच्यांना वाटायचं आत देवघर आहे.

"पण डिलीट केलं होतं म्हणालात ना त्यांनी?"

"अहो, डिलीट म्हणजे काय, तर सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं. जमीन कुठं जाते? ती तिथंच, पीकही उभं. दुसरा कुणी येऊन नांगर घालेपर्यंत तुमचाच शाळू डोलत असतो त्यात."

वहिनींचं माहेर तासगावकडचं. सातबारा म्हटल्यावर पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. कॉम्प्युटर फाइल पुसत बसत नाही, कारण पुसायला वेळ लागतो. तो फक्त आपल्या यादीत 'ही जागा मोकळी' अशी नोंद करतो. जुन्या डॉसमध्ये तर फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं बदलायचा आणि तिथं एक ठरलेली खूण घालायचा. १९९१ मध्ये डॉसची पाचवी आवृत्ती आली, तिच्यात 'अनडिलीट' नावाची आज्ञाच होती. ती उडालेल्या फाइलींची यादी दाखवायची आणि भाबडेपणानं विचारायची, हिचं पहिलं अक्षर काय होतं? अक्षर सांगितलं की फाइल परत. आमच्या एका साहेबांनी बदलीच्या आधी उडवलेली पत्रं अशीच परत आली होती. त्यात काय होतं ते मी तेव्हाही सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही, वहिनींनी दोनदा विचारलं तरी.

"आणि शिफ्ट दाबून डिलीट केलं तर? आमचा पिंट्या म्हणतो, ते कायमचं जातं."

"पिंट्याला म्हणावं, त्यानं फक्त कचऱ्याच्या टोपलीत न टाकता थेट यादीतून नाव कमी होतं. जमीन तिथंच. फॉरमॅटचंही तेच. फॉरमॅट करताना 'क्विक' म्हणून एक चौकोन असतो, त्यावर खूण आधीपासूनच असते. ती तशीच ठेवली तर नवी कोरी यादी मिळते, बाकी सगळं खाली तसंच. ती खूण काढलीत तर व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली जातात. त्याला मोठ्या डिस्कवर तास जातात. तुमचं फॉरमॅट मिनिटाभरात उरकलं ना, मग समजा काही पुसलं गेलेलं नाही."

वहिनी म्हणाल्या, "एवढं कोण उकरून बघणार हो आपलं!" हे वाक्य मला अपेक्षितच होतं. आपल्याकडे ते कुलूप न लावण्यापासून हेल्मेट न घालण्यापर्यंत सगळीकडे चालतं.

"बघणारे बघतात. एमआयटीतल्या दोघांनी, सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत, बाजारातून १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये त्याचा लेख छापला. त्यातल्या १२९ चालू निघाल्या. नीट पुसलेल्या किती असतील?"

"निम्म्या?"

"बारा."

"अगं बाई!"

"बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे नंबर, दवाखान्यांचे कागद, लोकांची खाजगी पत्रं. एक डिस्क तर एटीएममधली होती, तिच्यात हजारो खाती. आणि विकणाऱ्या पुष्कळांनी आपापल्या परीनं डिलीट, फॉरमॅट सगळं केलेलं होतं, अगदी आठ नंबरवाल्यांसारखं. फक्त हातोडा नव्हता."

मग मी त्यांना फ्लॉपीची गोष्ट सांगितली. खुनाची गोष्ट असली की वहिनी कुकरच्या शिट्ट्याही मोजत नाहीत. अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा शहरात आणि आसपास १९७४ ते १९९१ एका माणसानं दहा खून केले. पोलिसांना आणि वर्तमानपत्रांना स्वतःच पत्रं पाठवायचा, तरी सापडत नव्हता. २००५ मध्ये त्यानं पोलिसांना विचारलं, फ्लॉपी पाठवली तर माग लागेल का? खरं सांगा. पोलिसांनी त्यानंच सांगितल्याप्रमाणे पेपरात छोटी जाहिरात देऊन कळवलं, की खुशाल पाठव.

"आणि पाठवली?"

"पाठवली! पोलिसांवर विश्वास ठेवून. फ्लॉपीवर त्याला दाखवायचं होतं तेवढंच होतं. पण आधी त्याच फ्लॉपीवर वर्डची एक फाइल होती, ती त्यानं डिलीट केलेली. पोलिसांच्या तंत्रज्ञानं ती उकरून काढली. फाइलीच्या पोटात चर्चचं नाव आणि शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव, डेनिस. चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष कोण? डेनिस रेडर. दहाएक दिवसांत आत."

"चर्चचा अध्यक्ष? काय तरी बाई. म्हणजे आपल्याकडे देवस्थानाचा ट्रस्टीच की." वहिनींनी तेवढ्यात कोपऱ्यावरच्या देवळाकडे नजर टाकली. त्यांच्या मनात कोण आलं ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांना कळलं. पण तो विषय आम्ही मंगळवारीच संपवला होता.

"आमच्या दादाचा कॉम्प्युटर मात्र खरंच गेला हो," त्या म्हणाल्या. "एकोणीसच्या पुरात. गणपती पेठेतल्या पेढीत पोटमाळ्याला पाणी लागलं होतं. आठ दिवस बुडून होता. चिखलानं भरलेला, किलोवर दिला भंगारात."

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर मारुती चौकापासून हरभट रोडपर्यंत दुकानांपुढं चिखलाचे ढीग होते आणि त्या ढिगांत गाद्या, वह्या, साड्यांचे गठ्ठे, त्यांच्याच जोडीला कॉम्प्युटरची खोकी. टेम्पो भरभरून भंगार गेलं. तेव्हा माणसं जिवावर बेतलेलं निस्तरत होती, डिस्क काढून घ्या म्हणणार तरी कोण आणि कुणाला? पण त्या खोक्यांत व्यापाऱ्यांची खाती होती, कर सल्लागारांकडच्या शेकडो अशिलांचे पॅन आणि पासवर्ड होते. पाण्यानं विजेचं सर्किट जातं, मशिन चालू होत नाही. आतल्या चकत्यांवर जे लिहिलंय ते चुंबकानं लिहिलंय, ते पाण्यात विरघळत नाही. दुरुस्ती करणाऱ्या प्रयोगशाळा चकत्या साफ करून, दुसरं सर्किट लावून वाचतात.

"पाणी सोडा वहिनी. कोलंबिया यान पडलं ना २००३ मध्ये, आपली कल्पना चावला होती त्यात? त्या यानातली एक हार्ड डिस्क आकाशातून जळत खाली आली. काही महिन्यांनी सुकलेल्या तलावाच्या तळाशी सापडली. बाहेरचं प्लास्टिक वितळलेलं. तरी तिच्यातली ९९ टक्के माहिती निघाली. यानावर जो प्रयोग चालला होता त्याचे आकडे होते ते. २००८ मध्ये त्यावर शोधनिबंधही छापून आला."

वहिनी गप्प झाल्या. दादांच्या पेढीत दोन वह्या असत, एक दाखवायची आणि एक खरी, हे आख्ख्या पेठेला ठाऊक आहे. मी विषय तिथं ताणला नाही. शेजार टिकवायचा म्हणजे कुठं थांबायचं ते कळावं लागतं.

"मग पुसायचं तरी कसं म्हणता? जावई म्हणतात, पस्तीस वेळा पुसावं लागतं."

हा पस्तीसचा आकडा सगळ्या जावयांना कुठून मिळतो ते मला माहीत आहे. न्यूझीलंडमधल्या पीटर गुटमन नावाच्या संशोधकानं १९९६ मध्ये एक निबंध वाचला. त्या काळी डिस्कवर लिहायच्या निरनिराळ्या पद्धती होत्या. कुठली डिस्क हाताशी आहे ते ठाऊक नसेल तर सगळ्या पद्धतींना पुरून उरतील असे पस्तीस हात त्यानं सांगितले. एका डिस्कला सगळे पस्तीस लागतात असं त्यानं म्हटलंच नव्हतं. पण आकडा पडला लोकांच्या तोंडी, पुसायच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याचं बटण केलं, आणि मग जो तो पस्तीस पस्तीस करायला लागला. शेवटी गुटमननंच लिहिलं की लोक हा भूत उतरवायचा मंत्र समजून बसलेत. अमेरिकी संरक्षण खात्याचा म्हणून तीन वेळा पुसायचाही एक नियम मिरवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत सरळ सांगून टाकलंय, की चुंबकी डिस्कवर एकदा शून्यं लिहिलीत तरी बहुधा प्रयोगशाळेलाही त्याखालचं वाचता येत नाही. एकदा. फक्त सगळीकडं.

"म्हणजे जुन्या, फिरत्या डिस्कला एकदा पूर्ण नांगर घातला की बास," मी म्हटलं. "विंडोज चालू ठेवून फक्त मोकळी जागा पुसायची असेल तर 'सायफर' म्हणून एक आज्ञा विंडोजमध्येच असते. काळ्या खिडकीत 'सायफर', मग तिरकी रेघ, डब्ल्यू, विसर्गासारखी दोन टिंबं, ड्राइव्हचं अक्षर आणि पुन्हा दोन टिंबं. ती मोकळ्या जागेवर तीनदा लिहिते. रात्री लावून झोपायचं. फुकट आहे, आणि शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही."

"आणि डिस्क बंदच पडली असेल तर?"

"तेव्हा मात्र हातोडा. पण तो डिस्कवर, लॅपटॉपवर नाही. बाहेर काढायची, झाकण उघडायचं, आतल्या आरशासारख्या चकत्या फोडायच्या. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुतेक काचेच्या असतात, एका घावात तुकडे होतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि वर जाड फडकं. मोठ्या कॉम्प्युटरमधल्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्या फुटत नाहीत, वाकवाव्या लागतात, नाहीतर ड्रिलनं भोकं पाडायची."

सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आठ नंबरवाल्यांनी जेवढा घाम गाळला त्याच्या दहाव्या हिश्शात काम झालं असतं. पण पुरुषमाणसाला आधी स्क्रू काढायला सांगणं अवघड. एकदा हातोडा सापडला की संपलं.

"आता खरी मेख ऐका," मी म्हटलं. "हे सगळं जुन्या डिस्कचं झालं. तुमच्या पिंट्याचा लॅपटॉप दोन वर्षांचा ना? त्यात फिरती डिस्क नाहीच. एसएसडी आहे. चिपा नुसत्या. तिथं नांगर चालत नाही."

"का बरं?"

का ते सांगायला मला फुलं तोडायची परडी खाली ठेवावी लागली. एसएसडीच्या चिपवर एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिलं की ती जागा झिजते. म्हणून आतला कंट्रोलर दर वेळी नवी जागा शोधून लिहितो, आणि जुनी जागा सवडीनं साफ करतो. तुम्हाला वाटतं आपण त्याच फाइलवर शून्यं लिहिली. प्रत्यक्षात शून्यं गेली भलतीकडं आणि फाइल राहिली आपल्या जागी. शिवाय कंपनीनं थोडी जादा जागा आत राखून ठेवलेली असते, ती आपल्याला दिसतच नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मंडळींनी २०११ मध्ये हे तपासून पाहिलं. एकेक फाइल पुसायच्या नावाजलेल्या सगळ्या पद्धती त्यांनी लावल्या. एकही पुरी पडली नाही. फाइलीचा ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग मागं राहिला. ॲपलवाल्यांच्या मॅकमध्ये कचरा 'सुरक्षितपणे' रिकामा करायचं एक बटण होतं. २०१५ मध्ये त्यांनी ते काढूनच टाकलं. शब्द पाळता येत नसेल तर बटण ठेवू नये, हा त्यांचा सरळपणा मला आवडला.

याला उलटी बाजूही आहे. डिलीट केल्यावर विंडोज एसएसडीला कळवतं की एवढी जागा आता नको. त्याला 'ट्रिम' म्हणतात. मग कंट्रोलर ती केव्हातरी खरंच साफ करतो. म्हणजे चुकून उडालेले लग्नाचे फोटो एसएसडीतून परत मिळायची आशा धरू नये, आणि मुद्दाम उडवलेलं गेलंच, याची खात्री धरू नये. पेनड्राइव्हचं तर काहीच सांगू नये.

"म्हणजे दोन्हीकडून मरण," वहिनी म्हणाल्या.

"मरण नाही, उपाय आहे. आणि तो शेवटी करायचा नसतो, पहिल्या दिवशी करायचा असतो. सगळी डिस्क एनक्रिप्ट करून टाकायची. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं, होममध्ये बऱ्याच मशिनवर 'डिव्हाइस एनक्रिप्शन' म्हणून असतं, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. मग डिस्कवर जे काही उमटतं ते गूढ अक्षरांत. उघडायची किल्ली एकच. मशिन विकायच्या दिवशी ती किल्ली नष्ट केली की चिपांवर काहीही राहो, कुणाला वाचता येत नाही. पुसायचं काय, तर किल्लीपुरतं. एका क्षणात होतं."

वहिनींनी विचारलं, मग मोबाइलचं काय, कारण बादल्या-टब देऊन जुने मोबाइल घेणारा गेल्या आठवड्यात गल्लीत येऊन गेला होता. त्यांनी सासऱ्यांचा जुना फोन देऊन झाकणाचा टब घेतला. टब चांगला आहे, मी पाहिलाय. पण ते असे गोळा केलेले फोन सगळे मोडीतच जातात असं नाही. २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांनी गावोगाव फिरून जमवलेले सुमारे ४,००० जुने फोन पकडले. ते ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांकडे जायचे होते.

"तुम्ही रिसेट केला होता का?"

"केला हो. पिंट्यानं केला. फॅक्टरी रिसेट."

"फोन केवढा जुना?"

"सासरे गेले त्याच्या आधीचा. बारा-तेरा साली घेतला असेल."

मी ओठ आवळले. २०१५ मध्ये केंब्रिजच्या दोघा संशोधकांनी त्याच सुमाराचे २१ जुने ॲन्ड्रॉइड फोन रिसेट करून पाहिले. संदेश, फोटो, नंबर मागं राहिलेले सापडलेच, वर पाचातल्या चार फोनांत गूगल खात्यात शिरायची किल्लीही शाबूत निघाली. त्याच्या आदल्या वर्षी एका अँटिव्हायरस कंपनीनं २० जुने फोन घेऊन ४०,००० च्या वर फोटो बाहेर काढले होते. ते फोनही मालकांनी पुसूनच विकले होते. नव्या फोनांचं तसं नाही. त्यांत सगळं जन्मापासूनच एनक्रिप्ट होतं. आयफोनचं आधीपासून, ॲन्ड्रॉइडचं सहाव्या आवृत्तीपासून पुढं हळूहळू. त्यांत रिसेट म्हणजे किल्ली मोडणं, म्हणून ते पक्कं.

"गेला तो टबापायी गेला, आता त्याचं सोडा," मी म्हटलं. "गूगलचा पासवर्ड बदला आणि खात्याच्या सेटिंगमध्ये 'तुमची उपकरणं' म्हणून यादी असते, तिथून तो फोन काढून टाका. आज दुपारी पिंट्याला बसवा. आणि पुढच्या वेळी मेमरी कार्ड काढून घ्या. फोन रिसेट केला तरी कार्ड तसंच राहतं, आणि पुष्कळदा फोटो कार्डावरच असतात."

"कार्ड!" वहिनींचा हात कपाळावर गेला. ते मला कळलं, पण मी काही बोलले नाही.

त्यांनीच विषय बदलला. "कॉम्प्युटर, मोबाइल झाले. झेरॉक्सवाल्याचं काय हो? त्याच्याकडे तर आख्ख्या गावाचं आधार असतं."

वहिनी कधी कधी असं बोलून जातात की ईडीपीत आमच्याकडे का नव्हत्या, असं वाटतं. कलेक्टर ऑफिससमोर, कॉलेजच्या फाटकापाशी, जिथं जिथं फॉर्म भरले जातात तिथली दुकानं बघा. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवतो, तो कॉम्प्युटरवर उतरवून छापतो. दहा रुपये दिले की आपण निघालो. फाइल त्याच्या 'डाउनलोड्स'मध्ये. मी एकदा उभी राहून वाचलंय त्याच्या खांद्यावरून: 'आधार', 'आधार १', 'आधार २', खाली कुणाचा जातीचा दाखला, कुणाची सोनोग्राफी, एका मुलीची नीटची गुणपत्रिका, एका जमिनीचं खरेदीखत. मुलगा भला आहे, त्याच्या मनात काही नाही. त्याला पुसायला सवड नाही, एवढंच. पण त्याच कॉम्प्युटरवर संध्याकाळी कॉलेजची पोरं येऊन प्रोजेक्ट छापतात, पेनड्राइव्ह लावतात. आणि महिन्याकाठी कधीतरी त्यानं डिलीट केलंच, तरी ते डिलीट म्हणजे काय ते वर आलंच आहे.

"आणि ते मोठं झेरॉक्स मशिन ना, त्याच्या पोटातही हार्ड डिस्क असते," मी आणखी भर घातली.

"झेरॉक्सच्या? खरंच?"

"मोठ्या ऑफिसातल्या डिजिटल मशिनांत असते. कागद आधी डिस्कवर उतरतो, मग छापतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीनं गोदामातून चार जुनी मशिनं विकत घेतली. एक निघालं बफेलो शहरातल्या पोलिसांचं, गुन्ह्यांच्या याद्या आत. दुसरं एका आरोग्य विमा कंपनीचं, त्यात माणसांच्या औषधांपासून तपासण्यांपर्यंत सगळं. त्या कंपनीला २०१३ मध्ये सरकारला बारा लाख डॉलरच्या वर भरावे लागले. आणि परदेशात वापरून झालेली अशी मशिनं आपल्याकडे कंटेनर भरून येतात. तुमच्या आधारशेजारी आत कुणा गोऱ्या माणसाचा कॅन्सरचा रिपोर्ट पडून असेल."

वहिनींना ही कल्पना एकदम आवडली. पुढच्या अर्ध्या तासात ती एक ते चौदा नंबरात जाणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तीही थोडी वाढून.

बँका, दवाखाने, कंपन्या यांचं वेगळं. त्यांच्यासाठी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात काम संपलं की लोकांची माहिती पुसायचं बंधन लिहिलेलं आहे. मोठ्यांच्या हातूनही काय होतं ते मॉर्गन स्टॅन्लीच्या प्रकरणात दिसलं. या बँकेनं जुने सर्व्हर आणि डिस्क काढायचं काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं. तिला पुसण्याचा अनुभवच नव्हता. डिस्क ऑनलाइन लिलावात गेल्या, गिऱ्हाइकांची माहिती आतच. २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. त्याआधी बँकांच्या नियामकाचा सहा कोटींचा झाला होता, तो वेगळाच. इथं आपण टबावर फोन देतो, तिथं त्यांनी टेम्पोवाल्याला डिस्क दिल्या, एवढाच फरक.

आत वहिनींचा कुकर केव्हाच थंड झाला होता. त्यांनी पदर खोचला आणि घाईनं विचारलं, "मग आठ नंबरवाल्यांना काय सांगू? मी जातेच आहे त्यांच्याकडं, कढीपत्ता आणायला."

"सांगा, ती डिस्क काढून माझ्याकडं द्या, एका रात्रीत पुसून देते. बाकीचा सांगाडा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाला द्या, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं यादी असते. आणि नव्या लॅपटॉपवर आजच एनक्रिप्शन चालू करा. त्यात एक लांबलचक रिकव्हरी की मिळते, ती कागदावर उतरवून एफडीच्या पावत्यांसोबत कपाटात ठेवा. मशिनमध्येच ठेवली आणि मशिन अडलं तर घरच्या माणसालाही उघडता येणार नाही."

"आणि झेरॉक्सचं?"

"झेरॉक्सला आधार देताना मास्क केलेलं द्या, पहिले आठ आकडे झाकलेलं. यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं, पुष्कळ कामांना चालतं. छापून झालं की तिथंच उभं राहून फाइल काढायला लावा, बिनमध्येही ठेवू नको म्हणावं. पूर्ण पुसलं जात नाही, पण निदान पुढच्या गिऱ्हाइकाला आयतं तरी मिळत नाही. गूगल फोटोतून काढलेलं साठ दिवस ट्रॅशमध्ये राहतं, तिथूनही काढायचं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा, तोही बघायचा."

"एवढं सगळं माझ्या ध्यानात राहणार आहे होय!"

"मग एकच ध्यानात ठेवा, आणि आठ नंबरवाल्यांनाही हेच आधी सांगा. पुसायला घ्यायच्या आधी लग्नाचे, बारशाचे, सासऱ्यांचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ते तिथं उघडतात का ते डोळ्यांनी बघा. डिलीट केलेलं मी कदाचित काढून देईन. नीट पुसलेलं मात्र सांगलीतच काय, कुठंच कुणी परत आणून देत नाही."